वेगळ्या चुलीचा न्याय

हिंदु धर्मशास्त्राच्या मिताक्षरा परंपरेंत एकत्र कुटुंबांतील सज्ञान हिस्सेदारास वांटणी मागण्याचा अधिकार आहे, आणि ती मागतांना आपणांस वेगळें कां निघावयाचें आहे हें सांगण्याचें बंधन त्याच्यावर नाहीं. भाऊ वाईट वागले, हिशेबांत लबाडी झाली, असें कांहीं त्यास सिद्ध करावें लागत नाहीं. वेगळें व्हावयाचें आहे एवढा स्पष्ट उच्चार पुरेसा होतो. परंतु अधिकार देतांना इतकें उदार असणारें हेंच शास्त्र पुढें फार कडक होतें. कुटुंबाचें कर्ज असेल तर त्याचा वांटा उचलला पाहिजे. ज्यांचें पोषण एकत्र घरावर अवलंबून होतें त्यांची तरतूद केली पाहिजे. अविवाहित बहिणींच्या लग्नाचा खर्च बाजूस काढला पाहिजे. तात्पर्य, वेगळें निघण्यास कारण लागत नाहीं. पण वेगळें निघाल्यानें कोणाचें देणेंही बुडत नाहीं.

हा न्याय घराच्या बाबतींत आपण सहज मानतों. तो प्रांताच्या बाबतींत लावतां येईल काय, हा प्रश्न या लेखापुरता आम्हीं घेतला आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यास हा प्रश्न केवळ तात्त्विक नाहीं. स्वतंत्र विदर्भाची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि ती मान्य झाली तर आमचा जिल्हा त्या राज्याचा पश्चिमेकडील उंबरठा ठरेल. उंबरठ्यावरच्या माणसास आंतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही खोल्यांतील बोलणें ऐकूं येतें. म्हणून या वादाचा विचार करण्यास ही जागा वाईट नाहीं.

प्रथम इतिहासाकडे पाहूं. वऱ्हाडच्या इतिहासांत करार पुष्कळ आहेत. १८५३ सालीं निजामानें हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटीं हा प्रांत कंपनी सरकारच्या हवालीं केला. १९०२ सालीं लॉर्ड कर्झननें तो वार्षिक २५ लक्ष रुपयांच्या खंडानें कायमच्या पट्ट्यानें घेतला, व पुढल्याच वर्षीं तो मध्यप्रांताच्या कारभारास जोडण्यांत आला. १९३६ सालच्या करारानें निजामाच्या वारसास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. प्रांतास कांहीं मिळालें नाहीं. १९४७ सालीं अकोल्यास एक करार झाला, १९५३ सालीं नागपुरास दुसरा. १९५५ सालीं फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगानें आठ मराठी जिल्ह्यांचें निराळें विदर्भ राज्य करावें अशी शिफारस केली. १९५६ सालीं ती बाजूस ठेवून हे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यांत घालण्यांत आले, आणि तेथून १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आले. या सर्व कागदांवर सह्या आहेत, मोहरा आहेत. परंतु ‘बाबा रे, तुला कोठें राहावयाचें आहे?’ असें जमीन कसणाऱ्यास सरळ विचारून झालेला असा त्यांत एकही कागद नाहीं. १ ऑक्टोबर १९३८ रोजीं मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळानें महाविदर्भाच्या बाजूनें ठराव केला हें खरें. पण त्या काळीं मताचा अधिकार फार थोड्यांस होता. वऱ्हाडच्या दप्तरांत करार पुष्कळ, कौल एकही नाहीं.

येथें दूरच्या एका देशाचें स्मरण होतें. १७०७ सालीं स्कॉटलंड व इंग्लंड यांच्या संसदांनीं एकत्र होण्याचा करार केला. त्यांतही वचनें होतीं: स्कॉट लोकांचा कायदा, त्यांची न्यायालयें व त्यांचा धर्मसंघ हीं अबाधित राहतील. सामान्य स्कॉट माणसास तेव्हां कोणीं विचारलें नाहीं. ती विचारणा होण्यास तीन शतकें लोटलीं. १९७९ सालीं, स्कॉटलंडास आपली सभा असावी काय, एवढ्याच प्रश्नावर मतें घेतलीं, तेव्हां मत देणाऱ्यांत बहुमत ‘हो’ असें पडलें. परंतु एकंदर मतदारांपैकीं ४० टक्क्यांची अनुकूलता पाहिजे ही अट असल्यानें तें बहुमत निष्फळ ठरलें. १९९७ सालीं पुन्हां विचारलें, आणि १९९९ सालीं एडिंबरो येथें त्यांची संसद भरली. शेवटीं १८ सप्टेंबर २०१४ रोजीं पूर्ण स्वातंत्र्याचाच प्रश्न लोकांपुढें ठेवला गेला. शेंकडा ८४ हून अधिक मतदारांनीं मत दिलें. सुमारें ५५ टक्के ‘नको’ म्हणाले व ४५ टक्के ‘हवें’ म्हणाले. तेथें वाद मिटला असें नव्हे. पण बंदुकीची एकही गोळी न सुटतां एका राष्ट्रानें आपल्या अस्तित्वाचा प्रश्न मतपेटींत टाकला, ही गोष्ट थोडी नाहीं.

स्कॉट लोकांची मागणी सार्वभौम राष्ट्राची होती. विदर्भाची मागणी भारतीय संघांतर्गत एका राज्याची आहे. त्यांस नाणें कोणतें वापरावें, सैन्य कोठें ठेवावें, सरहद्दीवर जकात असावी काय, हे प्रश्न सोडवावे लागले असते. आम्हांस ते नाहींत. हा भेद मोठा आहे, आणि तो विसरून केलेली तुलना पोरकट होईल. तथापि दोन्हीकडे मूळ नैतिक प्रश्न एकच आहे: लोकसमूहाच्या एका भागानें ‘आमचें आम्हांस पाहूं द्या’ असें म्हटलें, तर त्यास उत्तर कोणत्या आधारावर द्यावयाचें?

पहिला आधार भाषेचा व संस्कृतीचा सांगतात. मराठी बोलणारे सर्व एका राज्यांत असावेत, ही संयुक्त महाराष्ट्राची थोर भावना होती, आणि तिचें सामर्थ्य आमच्या जिल्ह्याइतकें क्वचितच कोणास कळेल. ज्या माउलीच्या पोटीं शिवछत्रपति जन्मास आले त्या जिजाऊंचा जन्म आमच्या सिंदखेड राजाचा. लोणार व मेहकर हीं गांवें महानुभावांच्या स्मरणांत आहेत. संत चोखामेळ्यांचें जन्मस्थान म्हणून आमच्याच मेहुणा राजाकडे बोट दाखवितात. ज्या जिल्ह्यानें महाराष्ट्रास इतकें दिलें तो महाराष्ट्राबाहेर कसा जाईल, असें कोणी गहिंवरून विचारलें तर त्याचा गहिंवर खोटा नाहीं. परंतु तो युक्तिवाद नव्हे. हिंदी भाषा अनेक राज्यांत नांदते, म्हणून ती तुटली असें कोणी म्हणत नाहीं. तेलुगु भाषेचीं २ जून २०१४ पासून दोन राज्यें झालीं. तेवढ्यानें त्या भाषेचें कांहीं उणें झालें नाहीं. सिंदखेड राजा उद्यां कोणत्याही राज्यांत असलें तरी जिजाऊंचें माहेर तेंच राहील.

उलट पक्षीं, वेगळेपणाच्या बाजूनें संस्कृतीचा जो दाखला देतात तोही तितकाच दुबळा आहे. रुक्मिणी व दमयंती यांचें माहेर, भवभूतीची जन्मभूमि, हें वैभव खरें. पण पुराणांतील विदर्भ व आजचे अकरा जिल्हे यांची हद्द एकच आहे असें कोण म्हणेल? शिवाय आजचा विदर्भ हेंच मुळीं दोन घरांचें एकत्र कुटुंब आहे. नागपूर १८५४ पर्यंत भोसल्यांचें होतें. वऱ्हाड त्या काळीं निजामाचें होतें. दोहोंची बोली, दोहोंचें पीक, दोहोंच्या सोयरिकींच्या वाटा सर्वस्वीं एक नाहींत. सारांश, संस्कृति ही कोणास बांधून ठेवण्याची दोरी नव्हे आणि कोणास तोडण्याची कुऱ्हाडही नव्हे.

दुसरा आधार हिशेबाचा. हल्लीं सर्वांत मोठा आवाज याचाच असतो. १९८४ सालीं वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें महाराष्ट्रांतील प्रादेशिक असमतोलाचें माप घेतलें, तेव्हां एकंदर सुमारें ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष निघाला, आणि त्यांतील सुमारें ३९ टक्के एकट्या विदर्भाचा होता. ही वस्तुस्थिति आहे. परंतु थोडें मागें जाऊन पाहिलें म्हणजे एक विलक्षण गोष्ट दिसते. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली त्या काळीं गाऱ्हाणें अगदीं उलट होतें. खामगांवच्या कापसासाठीं १८७० सालीं जलंबपासून आगगाडीचा फांटा आणण्यांत आला व तो उघडण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. इतकें या काळ्या मातीचें मोल होतें. मध्यप्रांताशीं जोडलें गेल्यावर वऱ्हाडांतील लोक म्हणत, ‘आमचें उत्पन्न शिलकेचें, खर्च मात्र दुसऱ्यांच्या जिल्ह्यांत होतो, म्हणून आम्हांस वेगळें करा.’ १९५५ च्या आयोगासही विदर्भ आपल्या पायांवर उभा राहील असेंच वाटलें. पुढें तीस वर्षांत तोच प्रांत अनुशेषाचा झाला, आणि आतां लोक म्हणतात, ‘आमच्या वांट्याचें आम्हांस मिळत नाहीं, म्हणून आम्हांस वेगळें करा.’

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. घेतात म्हणूनही वेगळें व्हावयाचें आणि देत नाहींत म्हणूनही वेगळें व्हावयाचें. हिशेब पार उलटला तरी मागणी कायम राहिली. यावरून प्रतिपक्षी म्हणेल कीं, मागणी खोटी आहे, तिला कारण कोणतेंही चालतें. आम्हांस यांतून निराळा निष्कर्ष निघतो असें वाटतें. मागणीचें मूळ हिशेबांत नाहीं. तें हिशेब कोण लिहितो यांत आहे. शिल्लक असो वा तूट, वही दुसऱ्याच्या हातांत आहे ही जाणीवच दोन्ही काळीं माणसास बोचत होती. स्कॉटलंडांतही असेंच झालें. उत्तर समुद्रांत तेल सांपडल्यावर १९७० नंतरच्या दशकांत त्यांचे पुढारी म्हणूं लागले कीं, आमचें धन लंडनास जातें; तर लंडनांतील लोक म्हणत कीं, दरडोई खर्च स्कॉटलंडवर अधिक होतो. दोघांजवळ आंकडे होते. आंकड्यांनीं वाद मिटला नाहीं, कारण तो आंकड्यांचा नव्हताच.

म्हणून वेगळें झाल्यानें आपण श्रीमंत होऊं कीं गरीब, या प्रश्नाचें उत्तर वेगळें होण्याच्या हक्काचें उत्तर होऊं शकत नाहीं. गरीब भावासही वांटणी मागतां येते. मात्र तो शहाणपणाचा प्रश्न अवश्य आहे, आणि त्याकडे आम्ही पुढें येऊं.

तिसरा आधार वचनाचा. आणि आमच्या मतें खरा नैतिक भार येथें आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारांत, विदर्भांतील कांहीं पुढाऱ्यांच्याही सह्यांनीं, असें ठरलें कीं, विकासाचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणांत वांटला जाईल, शिक्षणाच्या व नोकऱ्यांच्या संधि त्याच न्यायानें मिळतील, आणि विधिमंडळाचें वर्षांतून एक अधिवेशन नागपुरास भरेल. त्यांतील अधिवेशनाचें कलम डोळ्यांस दिसणारें असल्यानें बहुतांशीं पाळलें गेलें. कोरोनाच्या सांथींत २०२० व २०२१ सालीं त्यासही खंड पडला. जें डोळ्यांस दिसत नाहीं त्या पैशाच्या कलमाचें काय झालें तें दांडेकर समितीनें सांगितलें. पुढें संविधानाच्या ३७१ व्या कलमान्वयें १९९४ सालीं वैधानिक विकास मंडळें स्थापन झालीं. हें कलम १९५६ पासून पुस्तकांत होतें. तें अमलांत येण्यास अडतीस वर्षें लागलीं. ३० एप्रिल २०२० रोजीं त्या मंडळांची मुदत संपली, आणि ती वेळेवर वाढविली गेली नाहीं.

वचन मोडलें म्हणजे नातें तुटलेंच, असें आम्ही म्हणत नाहीं. एकदां मोडलेलें वचन भरून काढतां येतें. परंतु वचन पुन्हां पुन्हां मोडलें जावें, आणि ज्यास तें दिलें त्याच्यापाशीं तें वसूल करण्याचें कांहींच साधन नसावें, अशी स्थिति आली म्हणजे सिद्धतेचा भार फिरतो. तेथवर ‘तुम्हांस कां निघावयाचें?’ असें विचारणें रास्त होतें; त्यापुढें ‘आम्हीं कां थांबावें?’ हें सांगण्याची जबाबदारी ठेवून घेणाऱ्यावर येते. एकत्र राहा म्हणणाऱ्यांनीं इतिहासाचीं व अस्मितेचीं भाषणें न करतां या एका प्रश्नाचें उत्तर द्यावें.

इतकें म्हटल्यावर, आमचें मत वेगळेपणाच्या बाजूनें पडलें असें कोणास वाटेल. परंतु वांटणीचा दृष्टांत येथें अपुरा पडतो. घरांत वांटणी मागणारा एक मनुष्य असतो. त्याचें मन एक, त्याची जीभ एक. प्रांत वांटणी मागतो तेव्हां ‘आम्ही’ असें म्हणणारा तो ‘आम्ही’ कोण?

बुलढाणा जिल्ह्याकडेच पाहा. घाटावरचा भाग व घाटाखालचा भाग असे त्याचे दोन भाग आम्ही रोजच्या बोलण्यांत करतों. घाटाखालून वाहणारी पूर्णा तापीस मिळून पश्चिम समुद्रास जाते. घाटावरची खडकपूर्णा दुसऱ्या पूर्णेंतून गोदावरीस, आणि पैनगंगा वर्धेच्या वाटेनें त्याच गोदावरीस मिळून पूर्व समुद्रास जाते. आमच्या पाण्याचेंच दोन दिशांस मन आहे; माणसांचें असेल तर नवल काय? आमचे अपिलाचे खटले नागपूर खंडपीठापुढें चालतात, आमचा आयुक्त व आमचें विद्यापीठ अमरावतीस. परंतु देऊळगांव राजाच्या माणसास जालना हाकेवर आहे, मलकापुरच्या माणसास खानदेशचा बाजार जवळचा, आणि बुलढाण्याहून नागपूर हें छत्रपति संभाजीनगरच्या दुपटीहून लांब आहे. मुंबईनें उपेक्षा केली असें नागपूर म्हणतें. नागपूरनें आपली आठवण कितीदां ठेवली, असें वऱ्हाडच्या पश्चिम टोंकास कोणी पुसलें तर त्यास गप्प बसवितां येणार नाहीं.

स्कॉटलंडांतही असाच एक उंबरठा आहे. ऑर्कनी व शेटलंड हीं बेटें १४६८-६९ सालीं डेन्मार्क-नॉर्वेच्या राजानें आपल्या मुलीच्या हुंड्यापोटीं स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेवलीं व तीं पुढें सुटलीं नाहींत. फौजेच्या खर्चापोटीं हवालीं झालेल्या वऱ्हाडास ही कथा परकी वाटूं नये. एडिंबरो जेव्हां लंडनास म्हणे, ‘तेल आमचें’, तेव्हां या बेटांतून आवाज उठे, ‘तेल तर आमच्या किनाऱ्याजवळचें!’ २०१४ सालीं दोन्ही बेटांनीं मोठ्या बहुमतानें ‘नको’ असेंच मत दिलें. दूरच्या धन्यापेक्षां जवळचा धनी बरा, हें सर्वत्र खरें ठरत नाहीं.

यावर एकत्रवादी लगेच म्हणतील, ‘पाहा, आज विदर्भ, उद्यां वऱ्हाड, परवां बुलढाणा, याला अंत कोठें?’ हा आक्षेप ऐकण्यास भेदक, पण आंतून पोकळ आहे. उतरण आहे म्हणून पहिलें पाऊलच टाकूं नये, असा नियम केला तर १९६० सालीं महाराष्ट्रानेंही गुजरातेपासून निराळें होऊं नये असें म्हणावें लागेल. प्रत्येक मागणी सारख्याच योग्यतेची नसते. जी मागणी पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे, जिच्यामागें पेलवेल एवढा प्रदेश आहे, जिला दिलेलें वचन मोडल्याचा लेखी पुरावा आहे, ती निराळी; आणि एखाद्या पुढाऱ्यास मंत्रिपद हुकलें म्हणून उठलेली हाकाटी निराळी. परंतु या आक्षेपांत एक सत्याचा कण आहे, तो असा: जो न्याय तुम्ही वरच्याकडे मागतां तोच खालच्यास देण्यास तुम्ही बांधलेले आहां. नागपूर करारासारखें वचन नव्या राज्यांत नागपूर हें बुलढाण्यास, गडचिरोलीस, वाशीमास देणार काय? आणि तें मोडलें तर वसूल करण्याचें साधनही देणार काय? हें आधीं लिहून न देणाऱ्याची मागणी न्यायाची नव्हे, केवळ वहीची अदलाबदल आहे.

आतां शहाणपणाचा प्रश्न. २००६ सालीं पंतप्रधानांनीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं गांजलेल्या विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्या सहांत बुलढाणा होता. ज्या घरांतील कर्ता पुरुष गेला त्या घरांत ‘राज्य वेगळें झालें असतें तर’ या वाक्यास काय अर्थ आहे, याचें उत्तर प्रामाणिकपणें दिलें पाहिजे. कापसाचा व सोयाबीनचा हमीभाव दिल्लींत ठरतो. आयातीचें व निर्यातीचें धोरण दिल्लींत ठरतें. कापसाच्या भावाचा चढउतार तर साऱ्या जगाच्या बाजारांत ठरतो. यांतील कशावरही नागपूरच्या मंत्रालयाचा हात पोंचणार नाहीं. परंतु पाणी, वीज, रस्ते, सहकारी पतपुरवठा व पाटबंधाऱ्यांचा क्रम हीं राज्याच्या हातीं आहेत. पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा आहे. तेथें जमिनीखालचें पाणी पिकाच्या व पिण्याच्या कामाचें नाहीं, आणि म्हणून धरणाच्या गोड्या पाण्यावांचून गति नाहीं. त्याच नदीवरचा नांदुरा तालुक्यांतील जिगांव प्रकल्प कित्येक दशकें रेंगाळला, आणि त्याचा खर्च मूळ अंदाजाच्या अनेक पटींनीं वाढला. हें काम जवळच्या सरकारनें लवकर केलें असतें काय? केलें असतें असें ठामपणें म्हणण्यास आधार नाहीं. परंतु न केल्याचा जाब विचारावयास लोकांस आजच्याइतकें लांब जावें लागलें नसतें, हें निश्चित. वेगळ्या राज्याच्या पदरांत घालतां येण्यासारखें खरें दान एवढेंच आहे. याहून अधिक जो सांगतो तो दुःखी माणसास आशा विकतो, आणि तें पाप उपेक्षेच्या पापाहून लहान नाहीं.

राहतां राहिला निर्णयाचा मार्ग. भारतीय संविधानाच्या तिसऱ्या कलमान्वयें नवें राज्य करण्याचा अधिकार संसदेचा आहे. संबंधित विधिमंडळाचें मत मागविलें जातें, पण तें बंधनकारक नाहीं, आणि लोकांचा प्रत्यक्ष कौल घेण्याची तरतूद त्यांत नाहीं. तथापि कौल ही वस्तु या देशास अपरिचित नाहीं. १६ जानेवारी १९६७ रोजीं गोव्याच्या लोकांस महाराष्ट्रांत यावयाचें काय असें विचारलें गेलें, आणि त्यांनीं चौतीस हजारांच्या मताधिक्यानें ‘नाहीं’ असें सांगितलें. महाराष्ट्रास तें लागलें. पण तो निर्णय महाराष्ट्रानें मानला, आणि आज गोवेकर व मराठी माणूस यांच्या स्नेहांत त्यामुळें कांहीं कमी आलें असें दिसत नाहीं. विचारल्यानें नातीं तुटत नाहींत. न विचारल्यानें मात्र कुजतात. कायद्यानें बंधनकारक नसला तरी विदर्भांतील लोकांचा कौल घ्यावा, तो जिल्हावार मोजून जाहीर करावा, आणि ज्या जिल्ह्याचें मत बाकीच्यांहून निराळें पडेल त्याचें म्हणणें संसदेपुढें निराळें मांडावें, एवढें करण्यास कोणती अडचण आहे?

तेव्हां आमचें म्हणणें असें. विदर्भास वेगळें होण्याचा प्रश्न विचारण्याचा पूर्ण नैतिक अधिकार आहे. तो त्यास गरिबीनें किंवा पुराणांनीं दिला नसून, मोडलेल्या वचनानें दिला आहे. त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा अधिकार मात्र मुंबईच्याही पुढाऱ्यांस नाहीं व नागपूरच्याही नाहीं; तो शेतावरच्या, बाजारांतल्या, गिरणींतल्या माणसाचा आहे. आणि उत्तर कोणतेंही आलें तरी देणें शिल्लक राहतें: एकत्र राहिलों तर १९५३ च्या वचनाचें, वेगळे झालों तर उंबरठ्यावरच्या जिल्ह्यांना द्यावयाच्या नव्या वचनाचें. वेगळ्या चुलीवर पहिला भात शिजेल त्या दिवशीं तो कोणाच्या पानांत आधीं वाढला जातो, हें आम्ही बुलढाण्याचे लोक लक्षपूर्वक पाहूं. आणि चूल एकच राहिली तरीही तेंच पाहूं.